दोनशे पाच दिवस

८ सप्टेंबर २०१४, सोमवार. अमेरिकेत फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. त्या पहाटे टीएमझेड या संकेतस्थळावर एका लिफ्टमधली चित्रफीत आली आणि दिवस मावळायच्या आत एनएफएल या जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रीडा लीगची अब्रू वेशीला टांगली गेली. एका नामांकित खेळाडूची कारकीर्द संपली. कमिशनरच्या राजीनाम्याची मागणी सुरू झाली. सगळे म्हणाले, आभाळ अचानक कोसळलं.

अचानक काही नव्हतं. त्या पहाटेपर्यंत दोनशे पाच दिवस गेले होते, आणि जवळपास प्रत्येक टप्प्यावर कुणी तरी ठरवून नजर दुसरीकडे वळवली होती.

१५ फेब्रुवारी २०१४, पहाट. २०५ दिवस बाकी.

न्यू जर्सीतलं अटलांटिक सिटी हे समुद्रकाठचं जुगाराचं शहर. तिथल्या रेव्हेल या कसिनो-हॉटेलात रे राइस आणि त्याची होणारी बायको लिफ्टमध्ये शिरले. राइस बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून मुसंडी मारणारा खेळाडू. वय सत्तावीस. वर्षभरापूर्वी संघाने सुपर बोल जिंकला होता. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्याच्याशी पाच वर्षांचा साडेतीन कोटी डॉलरचा करार झाला होता. त्या बाईचं नाव मी इथे घेत नाही. ते जगभर छापून आलं, पण तिने ते कधी मागितलं नव्हतं.

लिफ्टमध्ये त्याने तिला ठोसा मारला. तिचं डोकं आतल्या कठड्यावर आदळलं आणि ती निपचित पडली. दार उघडल्यावर त्याने तिला ओढत अर्धवट बाहेर काढलं. लिफ्टच्या आत कॅमेरा होता, बाहेरही होता.

पोलिसांनी दोघांनाही अटक केली, दोघांवरही साध्या मारहाणीचा आरोप ठेवला. बेशुद्ध पडलेल्या बाईवरही! राइसविरुद्धच्या तक्रारीत पोलिसांनी लिहिलं, की त्याने हाताने मारून तिला बेशुद्ध केलं. जागाही लिहिली: रेव्हेल कसिनो. पुढच्या सात महिन्यांत लीगने जे जे ‘आम्हाला स्पष्ट नव्हतं’ म्हणून सांगितलं, त्याचा गाभा त्या एका ओळीत होता. तो कागद गुप्तही नव्हता.

उलटगणतीत अनर्थ शेवटी यायचा असतो. इथे तो आरंभीच घडून गेला होता. पुढचे दोनशे पाच दिवस मोजले गेले ते एका संस्थेचं पितळ उघडं पडेपर्यंतचे.

१९ फेब्रुवारी. २०१ दिवस बाकी.

टीएमझेडने पहिली चित्रफीत दाखवली, लिफ्टच्या बाहेरच्या कॅमेऱ्याची. दार उघडतं, तो तिला ओढतो, ती पालथी पडलेली, पाय अजून लिफ्टमध्येच. ठोसा दिसत नाही, त्याचा परिणाम दिसतो. धडधाकट बाई लिफ्टमध्ये शिरते आणि काही क्षणांत बेशुद्ध होऊन बाहेर येते, तर आत काय झालं असेल हे कळायला कसल्या तपासपथकाची गरज होती?

२७ मार्च. १६५ दिवस बाकी.

ग्रँड ज्युरीने राइसवर गंभीर मारहाणीचा आरोप निश्चित केला. तिच्यावरचा आरोप मागे घेतला गेला. दुसऱ्याच दिवशी दोघांनी लग्न केलं.

या लग्नावर तेव्हा फार टिंगलटवाळी झाली, आजही होते. मला त्यात सामील व्हायचं नाही. मारणाऱ्या माणसाबरोबर बाई का राहते, हा प्रश्न आपल्याकडेही माजघरापासून पोलीस चौकीपर्यंत विचारला जातो, आणि तो नेहमी तिलाच विचारला जातो. मूल, घर, माया, भीती, पैसा, लोक काय म्हणतील ही धास्ती, आणि माणूस सुधारेल ही आशा, हे सगळं एकाच घरात एकाच वेळी नांदतं. तिने लग्न केलं म्हणून ठोसा हलका होत नाही. पण लीगच्या आणि संघाच्या लोकांना तो हलका झाल्यासारखा वाटला, हे पुढे दिसलं.

२३ मे. १०८ दिवस बाकी.

तीन दिवसांपूर्वी कोर्टाने राइसला खटल्याऐवजी सुधारणा-कार्यक्रमाचा मार्ग मोकळा केला होता. वर्षभर अटी पाळल्या की आरोप रद्द. आता मेरिलँडमधल्या संघाच्या मुख्यालयात पत्रकार परिषद झाली. टेबलामागे नवरा-बायको शेजारी शेजारी बसलेले. राइसने संघमालकांची, सरव्यवस्थापकांची, प्रशिक्षकांची माफी मागितली. पडणं म्हणजे अपयश नव्हे, पडून न उठणं म्हणजे अपयश, असंही तो बोलला. जिला त्याने पाडलं होतं ती हातभर अंतरावर बसली होती.

मग तिला बोलायला लावलं. त्या रात्रीच्या प्रकारात आपलाही वाटा होता, त्याची खंत आहे, असं ती म्हणाली. संघाच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून हे वाक्य तिच्या नावाने तत्काळ प्रसिद्ध झालं. संघाचं बोधचिन्ह वर, आणि खाली मार खाल्लेल्या बाईची दिलगिरी. ते ट्विट साडेतीन महिने तसंच राहिलं, ८ सप्टेंबरला काढून टाकेपर्यंत. या सगळ्या प्रकरणातला एकच कागद जपून ठेवायला सांगितला, तर मी हा ठेवीन. संघाच्या प्रसिद्धी विभागातल्या कुणी तरी तो टंकला, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाही वाटलं नाही.

१६ जून. ८४ दिवस बाकी.

न्यू यॉर्क, पार्क ॲव्हेन्यू, लीगचं मुख्यालय. कमिशनर रॉजर गुडेल यांच्यासमोर राइसची सुनावणी.

आधी या व्यवस्थेची घडण समजून घ्यायला हवी. एनएफएलमध्ये ३२ संघ. संघमालक मिळून कमिशनर निवडतात आणि त्याचा पगारही ठरवतात. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या तेव्हाच्या सामूहिक कराराचं ४६वं कलम असं होतं, की खेळाच्या प्रतिष्ठेला बाधक वर्तन कोणतं हे कमिशनर ठरवणार, शिक्षा तोच देणार, आणि शिक्षेविरुद्धचं अपील ऐकायचा अधिकारही त्याचाच. फिर्यादी, न्यायाधीश आणि वरिष्ठ न्यायालय असे तिन्ही अधिकार एकाच खुर्चीत. २०१४ च्या त्या उन्हाळ्यापर्यंत घरगुती हिंसेसाठी ठरावीक शिक्षाही नव्हती. कमिशनरला योग्य वाटेल ती.

त्या खोलीत लीगचे अधिकारी होते, रेव्हन्सचे अध्यक्ष डिक कॅस आणि सरव्यवस्थापक ओझी न्यूसम होते, खेळाडू संघटनेचा प्रतिनिधी होता, राइस होता. आणि त्याची बायको होती. तिचं म्हणणं याच खोलीत, नवऱ्याच्या देखत, नवऱ्याला पगार देणाऱ्यांच्या देखत ऐकून घेण्यात आलं. महिलांच्या तक्रारी नोंदवणाऱ्या कुठल्याही समुपदेशिकेला विचारा. पहिला नियम ती हाच सांगेल: दोघांना वेगळं बसवा. कोट्यवधी डॉलरची उलाढाल करणाऱ्या, माजी पोलीस अधिकाऱ्यांना सुरक्षा विभागात नेमणाऱ्या संस्थेने तो पाळला नाही.

राइसने त्या खोलीत काय सांगितलं, यावर पुढे सगळं अडलं. गुडेल यांचं म्हणणं, त्याने घटना सौम्य करून सांगितली. न्यूसम यांनी मात्र सप्टेंबरमध्ये वृत्तपत्राला सांगितलं, की चित्रफितीत जे दिसलं तेच राइसने आपल्याला आधी सांगितलं होतं, तो खोटं बोलला नाही. राइसची बाजू घेण्याचं मला कारण नाही. पण आपण मारलं हे त्याने कबूल केलं होतं, आणि कबुलीनंतरही लीगचा संशय फिटत नव्हता, ही नोंद करायलाच हवी.

२४ जुलै. ४६ दिवस बाकी.

शिक्षा जाहीर झाली: दोन सामने.

देशभर संताप उसळला. बाल्टिमोरमध्ये मात्र चार दिवसांनी, प्रेक्षकांना खुल्या असलेल्या सरावाला राइस मैदानावर आला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलँडच्या जॉश गॉर्डनला गांजाच्या चाचण्यांवरून निदान वर्षभराची बंदी झाली. अमली पदार्थांचा नियम संघटनेशी वाटाघाटी करून, प्रमाण आणि पायऱ्यांसह लेखी ठरला होता. बायकोला मारण्याबद्दल असं काही कुणी कधी बसून ठरवलंच नव्हतं.

२८ ऑगस्ट. ११ दिवस बाकी.

गुडेल यांनी ३२ मालकांना पत्र लिहिलं. निर्णय घेताना आपलं चुकलं, अशी कबुली दिली. नवा नियम आला: घरगुती हिंसा किंवा बळजबरीच्या लैंगिक अत्याचारासाठी पहिल्या वेळी सहा सामने बिनपगारी बंदी, दुसऱ्या वेळी हद्दपारी, वर्षानंतर परतीचा अर्ज करता येईल. राइसला तो लागू नव्हता. त्याचे दोन सामने तसेच राहिले.

काहीतरी बदललं, असं वाटायला ११ दिवस मिळाले. मधेच, २ सप्टेंबरला, जिथे हे घडलं तो रेव्हेल कसिनो दिवाळं वाजून बंद पडला.

७ सप्टेंबर, दुपार. पंधराएक तास बाकी.

बाल्टिमोरच्या स्टेडियममध्ये हंगामातला पहिला सामना. राइसविना उतरलेला संघ सिनसिनाटीकडून २३-१६ असा हरला. आणखी एक सामना सरला की तो परतणार, एवढीच चर्चा होती.

८ सप्टेंबर, पहाट. शून्य.

लिफ्टच्या आतली चित्रफीत झळकली. ठोसा दिसला. कठड्यावर आपटणारं डोकं दिसलं.

सकाळभर प्रत्येक वाहिनी ती पुन्हा पुन्हा दाखवत राहिली. ती कामावर जाणाऱ्यांनी पाहिली, त्या बाईच्या नातलगांनी पाहिली, स्वतः तिलाही ती चुकवणं शक्य नव्हतं. तिच्या आयुष्यातला सर्वांत वाईट क्षण देशाचा त्या दिवसाचा कार्यक्रम झाला. लीगने फेब्रुवारीत स्वतःहून नीट चौकशी केली असती, तर हे प्रदर्शन कदाचित टळलं असतं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त सलतं ते हेच.

दुपारी दोन वाजून गेल्यावर, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराच्या पुढे, रेव्हन्सने राइसचा करार रद्द केल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ लीगने बेमुदत बंदी घातली. कारण दिलं: आज उपलब्ध झालेला नवा पुरावा. संध्याकाळी प्रशिक्षक जॉन हार्बा पत्रकारांसमोर आले. आम्ही सगळ्यांनी हे आज पहिल्यांदाच पाहिलं, आणि अर्थातच त्यामुळे गोष्टी बदलल्या, असं ते म्हणाले.

बदललं काय? तो तोच, ती तीच, ठोसा तोच, पोलिसांच्या कागदावरची ओळ तीच. बदललं एवढंच, की आता लीगच्या गिऱ्हाइकांनीही ते पाहिलं होतं. दोन सामन्यांची शिक्षा ठोशाची होती, बेमुदत बंदी चित्रफितीची. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

त्यानंतरचे तास

दुसऱ्या दिवशी गुडेल सीबीएस वाहिनीवर बसले. लिफ्टमधली चित्रफीत आम्ही मागितली होती, मिळाली नाही, आणि राइसशी झालेल्या भेटीत नेमकं काय घडलं ते संदिग्ध होतं, असं त्यांनी सांगितलं. त्याच दिवशी त्या बाईने समाजमाध्यमावर लिहिलं, की हे दुःस्वप्न आहे. नवऱ्याची रोजीरोटी हिरावली म्हणून ती चिडली होती आणि तिचा राग माध्यमांवर होता. त्या रागाकडे ‘बिचारी’ म्हणून पाहणं सोपं आहे. पण घर तिचंही उद्ध्वस्त झालं होतं. जबर शिक्षेची दुसरी बाजू ही आहे: एका तक्रारीने घरातलं सगळं उत्पन्न बुडणार असेल, तर पुढची बाई तोंड उघडण्याआधी दहादा विचार करील. शिक्षा कडक हवीच, पण तिच्याबरोबर बायको-मुलांच्या आधाराचीही तजवीज हवी. त्या आठवड्यात ते कुणी मोठ्याने बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी असोसिएटेड प्रेसने बातमी दिली: एका पोलीस अधिकाऱ्याच्या म्हणण्यानुसार त्याने ती चित्रफीत एप्रिलमध्येच लीगच्या एका अधिकाऱ्याकडे पाठवली होती, आणि ९ एप्रिलचा एक ध्वनिसंदेशही होता, ज्यात एक स्त्रीआवाज ती मिळाल्याचं सांगून ‘भयंकर आहे’ म्हणतो. त्या रात्री लीगने एफबीआयचे माजी संचालक रॉबर्ट म्यूलर यांच्याकडे चौकशी सोपवली. त्यांच्या कायदेसंस्थेने पूर्वी लीगचं काम केलं होतं, यावर टीका झाली. जानेवारी २०१५ मध्ये अहवाल आला. ९ एप्रिलला मुख्यालयातून गेलेले दीड हजारांवर फोन तपासूनही चित्रफीत तिथे पोचल्याचा पुरावा सापडला नाही. पण अहवालाने हेही लिहिलं, की हातात होती त्या माहितीवरही लीगने अधिक खोलात जायला हवं होतं.

त्याआधी, २८ नोव्हेंबरला, माजी फेडरल न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी राइसची बेमुदत बंदी उठवली. या अपिलात गुडेल स्वतःच साक्षीदार असल्यामुळे ते ऐकायला त्रयस्थ नेमावा लागला होता. जोन्स यांचा निष्कर्ष: राइसने लीगची दिशाभूल केली नव्हती, त्यामुळे त्याच कृत्याला दुसऱ्यांदा शिक्षा देणं मनमानी ठरतं. मारणारा माणूस नियमाच्या बळावर सुटला, कारण लीगने स्वतःच्याच प्रक्रियेची माती केली होती. त्याच्यावरचे आरोप मे २०१५ मध्ये रद्द झाले. कुठल्याही संघाने त्याला पुन्हा घेतलं नाही.

इतरांनी काय केलं

आइस हॉकीच्या एनएचएलने त्याच ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या स्लावा वोयनोव्हला अटक झाल्यावर काही तासांतच निलंबित केलं. चित्रफितीची वाट पाहिली नाही. बेसबॉलच्या लीगने ऑगस्ट २०१५ मध्ये खेळाडू संघटनेला बरोबर घेऊन स्वतंत्र धोरण आखलं. कोर्टात गुन्हा सिद्ध व्हायची अट नाही, चौकशी चालू असताना खेळाडूला पगारी रजेवर बाजूला बसवता येतं, आणि उपचारांसाठी तज्ज्ञांचं मंडळ. मार्च २०१६ मध्ये अरॉल्डिस चॅपमनला ३० सामन्यांची बंदी झाली, त्याच्यावर फौजदारी खटला नसताना. हेच धोरण मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण ते कुणा एकट्याच्या मर्जीवर किंवा लोकक्षोभाच्या पट्टीवर चालत नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण. मार्च २०१८ मध्ये क्रिकेटपटू मोहम्मद शमीच्या पत्नीने त्याच्यावर घरगुती हिंसेसह अनेक आरोप केले. शमीने ते सगळे फेटाळले. बीसीसीआय या क्रिकेट मंडळाने त्याचा वार्षिक करार रोखून धरला, आणि मग भ्रष्टाचारविरोधी पथकाकडून चौकशी केली ती आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपाची. पथकाने क्लीन चिट दिली आणि २२ मार्चला ‘ब’ श्रेणीचा करार बहाल झाला. शमी दोषी की निर्दोष हे कोर्टाने ठरवायचं, मी नव्हे. मुद्दा मंडळाचा आहे. पैशाच्या आरोपाची चौकशी करायला मंडळाकडे पथक होतं. मारहाणीच्या आरोपाकडे निदान पाहायला तरी कोण होतं?

आणखी एकदा, आणि आणखी एकदा

डिसेंबर २०१४ मध्ये एनएफएलने नवं धोरण मंजूर केलं. स्वतःचे तपास अधिकारी, पगारी रजा, सहा सामन्यांचा पाया. मग ऑगस्ट २०१६ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सच्या जॉश ब्राउनला त्याच्या तत्कालीन पत्नीच्या तक्रारीवरून शिक्षा झाली. सहा सामने नव्हे, एक. ऑक्टोबरमध्ये पोलिसांची कागदपत्रं खुली झाली. त्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नोंदी होत्या, बायकोचा छळ केल्याची कबुली देणाऱ्या. काही दिवसांत जायंट्सने त्याला काढलं, आणि पुढच्या वर्षी लीगने उरलेला हिशेब म्हणून सहा सामन्यांची बंदी घातली.

३० नोव्हेंबर २०१८ ला पुन्हा टीएमझेड, पुन्हा चित्रफीत. कॅन्सस सिटीचा करीम हंट फेब्रुवारीत क्लीव्हलँडमधल्या एका इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये एका तरुणीला ढकलताना आणि लाथ मारताना दिसला. ती त्याची बायको नव्हती, पण गणित तेच होतं. पोलिसांना त्याच रात्री बोलावलेलं होतं, लीगला नऊ महिने प्रकरण माहीत होतं, आणि तोवर लीगने हंटला साधं समोर बसवून विचारलंही नव्हतं. चित्रफीत आली त्याच दिवशी संघाने त्याला काढलं. अडीच महिन्यांत क्लीव्हलँडच्याच ब्राउन्स संघाने त्याला करारबद्ध केलं. लीगने आठ सामन्यांची बंदी घातली. नवव्या सामन्याला तो मैदानात होता.